सोनागिरीचा मुक्काम आणि पाण्याकाठची मोटार

सोनागिरी हे नाव वाचताच आमच्या काही वाचकांना दतिया जिल्ह्यातील जैन बांधवांचे शुभ्र मंदिरांचे तीर्थक्षेत्र आठवेल. २०२५ च्या आगमनकाळात आमचा आठ दिवस मुक्काम झाला ती सोनागिरी निराळी. ती भोपाळ शहराच्या पूर्व अंगास, पिपलानीच्या शेजारी, भेलच्या कारखान्याच्या परिसरात वसलेली एक वसाहत आहे. तेथे डोंगर नाही, तीर्थ नाही आणि सोनेही नाही. आहेत ती नोकरी करून आयुष्य काढलेल्या माणसांची नीटनेटकी घरे, संध्याकाळी फिरावयास निघालेले पेन्शनर आणि दारोदार उभ्या असलेल्या मोटारी व स्कूटरी. तथापि या साध्या वसाहतीत आम्हांस जे ऐकावयास मिळाले, ते आमच्या वसईच्या गावांतील कुटुंबांच्या कानी घालावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची शाखा साठ वर्षांपूर्वी तिकडे गेली. १९५६ साल भोपाळच्या इतिहासात मोठे मानले जाते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हे शहर नव्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी झाले, आणि त्याच वर्षी विजेची अवजड यंत्रे बनविणाऱ्या हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९७४ मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. या कारखान्याने देशाच्या कानाकोपऱ्यांतून कारागीर बोलावून घेतले. त्यांत केरळचे, बंगालचे, तामिळनाडूचे होते, तसे आपले मराठी लोकही होते. आमचे यजमान त्यांपैकीच एक. वय ऐंशीच्या घरात, कान जरा मंद, पण रोज रात्री घरच्या सर्वांना गोळा करून मराठीत रोजरी म्हणण्याचा त्यांचा नेम कधी चुकत नाही.

मुंबईहून संध्याकाळी निघणाऱ्या पंजाब मेलने आम्ही गेलो. सकाळी नर्मदेचा पूल ओलांडला की गाडी विंध्याच्या रानात शिरते. याच मार्गाने जाताना १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी संशोधकाला खिडकीतून काही खडक दिसले, आणि त्यातून भीमबेटकाच्या प्राचीन चित्रगुंफांचा शोध लागला. २००३ साली त्या स्थळाला जागतिक वारशाचा मान मिळाला. शहरातील मोठा तलाव अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो, तर जहांगीराबादेतील संत फ्रान्सिसचे जुने मंदिर बूर्बों नावाच्या ख्रिस्ती घराण्याची आठवण देते. हे घराणे परंपरेने आपले मूळ फ्रान्सच्या राजकुळाकडे नेते, आणि भोपाळच्या नबाबी दरबारात त्याला मोठा मान होता. आमच्या मुक्कामातच २ व ३ डिसेंबरची रात्र येऊन गेली. १९८४ च्या त्या रात्री विषारी वायूने हजारो जीव घेतले, त्यांच्यासाठी यजमानांच्या घरी रोजरीनंतर एक वेगळी प्रार्थना झाली. त्या घरात ती दरवर्षी होते.

भोपाळ हे पाण्याचे शहर आहे. मोठा तलाव, छोटा तलाव, केरवा, कलियासोत, आणि सोनागिरीहून जवळ पडणारा हथाईखेड्याचा जलाशय. सुट्टीच्या दिवशी तरुण मंडळी घोळक्याने पाण्याकाठी जातात. आम्हीही एका दुपारी यजमानांच्या नातवांबरोबर हथाईखेड्यास गेलो. काठावर स्कूटरींची रांग होती. कपडे, घड्याळ, पाकीट, मोबाइल सारे सीटखाली कोंबून मुले पाण्याकडे धावत होती. अनोळखी खोल पाण्यात उडी घेणे किती घातक आहे हे येथे आम्ही पुन्हा सांगत नाही, प्रत्येक आईबापाने ते मुलांस सांगितलेच पाहिजे. पण त्या दिवशी आमचे लक्ष वेधून घेतले ते दुसऱ्याच गोष्टीने. यजमानांचा थोरला नातू पाण्याजवळ गेलाच नाही. तो स्कूटरीपाशी उभा राहिला. "आज माझी राखणीची पाळी आहे, फादर," तो म्हणाला. हा शहाणपणा कोठून आला, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने मान खाली घातली. रात्री जेवण झाल्यावर घरच्यांनी सारी हकीकत सांगितली.

दिवाळीच्या सुट्टीत सोनागिरीतील पाच तरुण एका मोटारीतून कोकणात गेले होते. इंदूर, धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर असा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून ते घाट उतरले. त्यांना समुद्राच्या तळाशी उतरून मासे आणि प्रवाळ पाहावयाचे होते. पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखाली जाण्याच्या या प्रकारास स्कूबा म्हणतात. मालवण, तारकर्ली, देवबाग या भागात तो गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढला आहे. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात होडीने नेतात, वाटाड्या हात धरून खाली उतरवतो, आणि घटकाभर माणूस त्या निळ्या राज्याचा पाहुणा होतो. परमेश्वराची निर्मिती पाहण्याचा हा एक निर्मळ आनंद आहे, त्यास आमची हरकत नाही. या मंडळींनी कोणत्या गावी मोटार उभी केली, त्या गावाचे नाव मात्र आम्ही मुद्दाम लिहीत नाही.

सुरूच्या झाडांखाली मोटार थांबली. पाचांनी तेथेच कपडे बदलले. पाकिटे आणि मोबाइल एका पिशवीत घातले, पिशवी सर्वांच्या देखत मागच्या डिकीत ठेवली, आणि किल्ली चाकावर लपवून ते होडीत बसले. तीन तासांनी परत आले तो किल्ली जागच्या जागी, काचा शाबूत, डिकी बंद. पण पिशवीत दोन मोबाइल आणि एक पाकीट नव्हते.

जवळच तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा शहाळी विकत बसला होता. "हाच सारा वेळ इथे होता," एवढा पुरावा त्यांना पुरला. त्यांनी त्याला धरले, त्याची थैली वाळूत उलटी केली, आणि एकाने त्याच्या थोबाडीत मारली. चार माणसे जमली. मुलाची आई धावत आली. थैलीत निघाले ते सुट्टे पैसे, एक कोयता आणि भाकरी. पुढे पोलिसांत तक्रार झाली. मोबाइल मिळाले नाहीत, ते आजतागायत मिळालेले नाहीत. पाकीट मात्र मिळाले. सोनागिरीस परतल्यावर मोटार धुताना ते डिकीतल्या जास्तीच्या चाकाच्या खाचेत सापडले. पिशवीतून केव्हा घसरले कोण जाणे. घरातील आजी तेव्हा एवढेच म्हणाल्या, "पाकीट सापडलं रे. त्या पोराची अब्रू कुठल्या खाचेत सापडायची?"

वाचकहो, या हकीकतीत दोन आज्ञांचा भंग झाला आहे. ज्याने मोबाइल नेले त्याने सातवी आज्ञा मोडली. ज्यांचे मोबाइल गेले त्यांनी आठवी मोडली. पुरेशा आधाराविना शेजाऱ्याविषयी वाईट खरे मानणे हे ख्रिस्तसभा आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप मानते. चोरापाशी निदान एवढी शरम असते की तो लपून चोरी करतो. संशय घेणारा मात्र चारचौघांत, दिवसाढवळ्या दुसऱ्याचे नाव लुटतो आणि वर आपण न्याय केला असे समजतो. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही.

आता अशा चोऱ्या पाण्याकाठीच का होतात, ते समजून घेऊ. बाजारात गेलेला मनुष्य केव्हाही परत येऊ शकतो. पाण्यात उतरलेला येऊ शकत नाही. होडी किती वाजता निघाली आणि किती वाजता परतेल हे काठावरच्या प्रत्येकास ठाऊक असते. शिवाय पाण्यात पाकीट नेता येत नाही, मोबाइल नेता येत नाही, आणि हल्लीची विजेरी किल्ली खाऱ्या पाण्याने बिघडते, म्हणून तीही मागे राहते. ज्याच्याजवळ काहीच नाही असा मनुष्य समुद्रात, आणि ज्यात सारे काही आहे अशी मोटार काठावर! चोराला हत्याराचीही गरज नसते. लक्ष ठेवून पाहिले की झाले. चाक, पुढचा बंपर, जवळचा दगड, या 'गुप्त' जागा किल्ली ठेवणाऱ्याला वाटतात तितक्या गुप्त नाहीत. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

हे आपल्याच देशात होते असेही नाही. कॅरिबियन समुद्रात डच राज्याच्या ताब्यातील बोनेर नावाचे लहान बेट आहे. तेथे रस्त्याच्या कडेने पिवळ्या रंगाचे दगड ठेवून पाण्यात उतरण्याच्या जागा दाखविल्या आहेत. जगभरचे पाणबुडे मोटार रस्त्यालगत उभी करून थेट किनाऱ्यावरून पाण्यात जातात. मोटारींतून चोऱ्या होऊ लागल्या तेव्हा पुष्कळांनी अशी रीत पाडली की मोटारीत काहीच ठेवावयाचे नाही, आणि दारे व काचा उघड्याच ठेवावयाच्या, म्हणजे चोर निदान काच तरी फोडणार नाही. त्या बेटावरचे बहुसंख्य लोक आपल्यासारखेच कॅथोलिक आहेत. तेव्हा चोरी झाली की 'अमक्या गावचे लोकच तसे', 'तमक्या धर्माचे लोकच तसे' असे बोलणाऱ्यांनी बोनेरची आठवण ठेवावी.

बोनेरची उघड्या दारांची रीत आपल्याकडे चालेल असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यातील तत्त्व घेण्याजोगे आहे: मोटारीत नसलेली वस्तू कोणी चोरू शकत नाही. दागिने, जास्तीची रोकड, मूळ कागदपत्रे घरीच किंवा मुक्कामाच्या ठिकाणी कुलपात ठेवून निघावे. वाहन चालविण्याचा परवाना व नोंदणीपत्र सरकारच्या डिजिलॉकरमध्ये ठेवता येते व ते ग्राह्य धरले जाते. डिकीत जे ठेवावयाचे ते निघतानाच ठेवावे, काठावर पोचल्यावर चारचौघांत ती उघडू नये. आसनावर रिकामी पिशवीसुद्धा ठेवू नये, कारण ती रिकामी आहे हे चोराला काच फोडल्यावरच कळते. गावाने किंवा पंचायतीने पावती देऊन मोटारी उभ्या करण्याची जागा केली असेल तर चार पैसे वाचविण्यासाठी ती टाळू नये. आणि सर्वांत उत्तम उपाय तो सोनागिरीच्या नातवाचा: पाचांपैकी एकाने पाळीपाळीने काठावर राहावे. किल्ली आणि पाकिटे त्याच्या कमरेला. दुसऱ्याच्या आनंदासाठी आपला एक तास देणे ही आगमनकाळातील लहानशी तपश्चर्याच नव्हे काय? आम्ही सोनागिरीस गेलो त्या वेळच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मत्तयकृत शुभवर्तमानातील तोच उतारा वाचला गेला होता, ज्यात चोर कोणत्या प्रहरी येईल हे कळले असते तर घरधनी जागा राहिला असता, असे प्रभूने सांगितले आहे. प्रभूने ते आत्म्याच्या जागृतीविषयी सांगितले, पण दृष्टांत घेतला तो घराच्या राखणीचाच.

येथे कोणी म्हणेल की, मग दोष मालकाचा काय? मुळीच नाही. किल्ली चाकावर होती म्हणून चोरी क्षम्य होत नाही. परंतु ज्या किनाऱ्यावर मासळी कधी मिळते, कधी मिळत नाही, आणि पावसाळ्यात मासेमारीही बंद व पाहुणेही बंद, तेथील एखाद्या कोवळ्या मुलापुढे हजारो रुपयांची वस्तू राखणीविना टाकून जाणे हे त्याला मोहात लोटणे आहे. मोहात पडू देऊ नकोस अशी प्रार्थना आपण रोज करतो. ती दुसऱ्याच्या मुलासाठीही आहे.

इतके करूनही चोरी झालीच तर काय करावे? प्रथम आरडाओरडा नको आणि कोणाला धरणे नको. काच फुटली असल्यास मोटारीस हात न लावता छायाचित्र घ्यावे व पोलिसांना ११२ वर कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती संगणकाद्वारे पाठविल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करावे, दूरध्वनी कंपनीकडून सिम बंद करावे. मोबाइलचा पंधरा अंकी ओळख क्रमांक घरी वहीत लिहून ठेवलेला असावा, कारण त्याच्या आधारे व पोलीस तक्रारीच्या प्रतीसह सरकारच्या 'संचार साथी' व्यवस्थेत तो मोबाइल देशभर निरुपयोगी करता येतो. विम्याविषयीही एक गैरसमज आहे. मोटारीच्या सर्वंकष विम्यातून फुटलेल्या काचेची भरपाई मिळू शकते, पण आतल्या खाजगी सामानाची सामान्यतः मिळत नाही. 'बैल गेला अन् झोपा केला' असे होऊ नये म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

चोरी करणाऱ्यासाठीही नव्या कायद्यात विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. वाहनातून केलेल्या चोरीस सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु साध्या चोरीत वस्तू पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल, आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. परत करण्याचे हे तत्त्व आपल्या धर्माला नवे नाही. मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरे देण्याचा नियम होता, आणि जक्कयाने प्रभूसमोर उभे राहून लुबाडलेल्याची चौपट फेड करण्याचे वचन दिले. प्रायश्चित्त संस्कारात पापाची क्षमा मिळते, पण चोरलेली वस्तू घरात ठेवून मिळत नाही. ती परत करावीच लागते. ज्याला अर्ध्या किमतीत, पावतीविना, 'कोठून आला ते विचारू नका' असा मोबाइल मिळाला आहे, त्यानेही हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. विकत घेणारे हात नसते तर चोरणारे हात लवकर थकले असते.

वस्तू परत करता येते. नाव कसे परत करावे? हाच प्रश्न त्या रात्री सोनागिरीतील तरुणांनी आम्हांस विचारला. त्यांनी होडीवाल्याकडून त्या आईचा पत्ता काढून दूरध्वनीवर क्षमा मागितली होती, पैसेही पाठवू केले होते. तिने पैसे नाकारले आणि मालवणीत एकच वाक्य ऐकविले, "जेंच्यासमोर मारलात, तेंच्यासमोर येवन सांगा." आता एवढ्यासाठी पुन्हा हजार किलोमीटर जावे काय? आम्ही त्यांस सांगितले की, त्या माउलीने धर्मशास्त्र शिकलेले नसेल, पण तिने सांगितले ते धर्मशास्त्रच आहे. खाजगीत दुखावले तर खाजगीत क्षमा पुरते. चारचौघांत नाव घेतले असेल तर चारचौघांतच ते परत करावे लागते. यजमानांनी मंद कानांनी हे सारे ऐकले की नाही कोण जाणे, पण ते उठले आणि नातवाच्या हाती मोटारीची किल्ली देऊन झोपावयास गेले.

२०२६ च्या जानेवारीत पाचही जण जाऊन आले. नातवाने आम्हांस सविस्तर कळविले. सुरूच्या त्याच झाडांखाली, होडीवाले आणि चहावाले जमले असता, ज्याने मारले होते त्याने मोठ्याने सांगितले की, हा मुलगा निर्दोष होता, पाकीट आमच्याच मोटारीत सापडले. आई ऐकून घरात निघून गेली. मुलगा काही बोलला नाही. त्याने पाच शहाळी फोडून दिली आणि पैसे मोजून घेतले, ना एक रुपया जास्त, ना एक कमी. त्या दिवशी कोणी समुद्रात उतरले नाही.

आमच्या वाचकांनी हे दूरच्या भोपाळचे आणि मालवणचे प्रकरण समजू नये. अर्नाळा, राजोडी, कळंब या आपल्याच किनाऱ्यांवर रविवारी शहरातून मोटारींची रीघ लागते. तेथे शहाळी, ताडगोळे, भजी विकणारी मुले आपली आहेत, मोटारी उभ्या करण्यासाठी जागा देणारी घरे आपली आहेत. आपण जसे कोठेतरी पाहुणे असतो, तसे कोठेतरी यजमानही असतो. पाहुण्याची राहिलेली वस्तू त्याच्या स्वाधीन करणारा मुलगा ज्या घरात वाढतो, त्या घरातील धर्मशिक्षण पुरे झाले असे आम्ही समजू. आणि पाहुणा म्हणून जाताना वस्तू हरवली तर आधी आपल्या मोटारीचा कानाकोपरा तपासणारे, मग पोलिसांकडे जाणारे, आणि कोणा गरिबाकडे बोट न दाखविणारे कुटुंब हेही तितकेच ख्रिस्ती कुटुंब होय.

सुट्टीचे दिवस जवळ येत आहेत. समुद्रावर अवश्य जावे, मुलाबाळांसह जावे, परमेश्वराच्या कृती पाहून त्याचे आभार मानावे. मोटार रिकामी ठेवावी, एकाने राखण करावी, आणि मन निःसंशय ठेवावे. प्रभू आपल्या सर्वांच्या जाण्यायेण्याचे रक्षण करो.